काश्मिरात बंद पडलेली गाडी, बिघाड मात्र वरुडचा

दहा चाकी, बीएस सिक्स म्हणजे धुराच्या सध्याच्या नियमांतली, २४ व्होल्टची मालवाहू गाडी. आंबिया बहाराचा संत्रा घेऊन वरुडहून श्रीनगरच्या परिमपोरा मंडीत गेली, रिकामी झाली, पुलवामा जिल्ह्यातल्या लासीपोराच्या कोल्ड स्टोअरमधून सफरचंद भरलं आणि परत निघाली तर काझीगुंडला अडकली, कारण खाली बनिहाल-रामबनच्या पट्ट्यात दरड येऊन हायवे बंद, आणि तो बंद झाला की वरच्या सगळ्या जड गाड्या तिथंच रांगेत उभ्या करतात. काझीगुंड साधारण १,७०० मीटर उंचीवर, दिवस जानेवारीच्या सुरुवातीचे, म्हणजे २१ डिसेंबरला सुरू होणाऱ्या चिल्लई कलानच्या, तिथल्या सगळ्यात कडक थंडीच्या ४० दिवसांच्या, ऐन मधात. रात्री पारा उणे ८ च्या आसपास. दोन रात्री गाडी जागची हलली नाही आणि तिसऱ्या सकाळी ड्रायव्हरनं चाबी फिरवली तर मीटरवरचे सगळे दिवे लागले, सेल्फ मारला तर टक-टक-टक, इंजिननं अर्धा फेरा घेतला न घेतला, मीटरचे काटे धाडकन शून्यावर आले, स्क्रीन काळी झाली आणि कंपनीचा लोगो परत पहिल्यापासून यायला लागला.

हा लोगो परत येणं, म्हणजे करंट तुटून मीटर नव्यानं चालू होणं, हेच या सगळ्या प्रकरणातलं मुख्य लक्षण होतं. पण तिथं लोगोकडं कोण बघतंय, सगळ्यांची नजर लाल-पिवळ्या दिव्यांवर.

रांगेतल्याच कोणीतरी तिथला एक मिस्त्री आणला, त्याच्याकडं स्कॅनर होता, लावला तर बिघाडाचे तेवीस कोड. इंजिनच्या कम्प्युटरचा धूर साफ करणाऱ्या युरिया सिस्टिमशी संपर्क तुटला, मीटरशी तुटला, ब्रेकच्या एबीएसशी तुटला, धुरातला वायू मोजणारा नॉक्स सेन्सर बोलत नाही, सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा सप्लाय कमी, युरियाच्या नळीचा हीटर ओपन म्हणजे त्याची तार तुटलेली, रेल प्रेशर कमी, असं काय काय. एवढे कोड एकदम बघितले की कोणालाही वाटणार की ईसीएमच, म्हणजे इंजिनचा कम्प्युटरच, गेला, आणि त्यानंही तेच सांगितलं, थंडीनं ईसीएम गेला, जम्मूहून मागवावा लागेल, दीड लाखाच्या वर जाईल. आता यात त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, त्याच्या दारात रोज अशा पन्नास गाड्या उभ्या, प्रत्येकीला वेळ कुठून देणार.

ड्रायव्हरकडं आपलं महाराष्ट्राचं प्रीपेड सिम, आणि बाहेरचं प्रीपेड जम्मू-काश्मिरात चालतच नाही, पोस्टपेड लागतं. त्यामुळं त्यानं त्या मिस्त्रीच्याच फोनवरून मालकाला लावला आणि मालकानं मला. मी वरुडात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, या मालकाच्या गाड्या माझ्याकडंच असतात.

"मिस्त्रीभाऊ, गाडीचा कम्प्युटर थंडीनं गेला म्हणून राह्यले तिकडचे. दीड लाख सांगून राह्यले अन् तेबी कवा येईन काही भरवसा नाही. आतमधी सेप भरून आहे, सेप गोठला तर व्यापारी मले सोडन काय?"

मी म्हटलं भाऊ, पैसे पाठवू नका आत्ताच, त्या ड्रायव्हरला म्हणा व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन मला फोन कर.

आता मी असं का म्हटलं ते सांगतो. गाडीचे ईसीएम, मग कोणत्याही कंपनीचे असो, उणे ४० डिग्रीपर्यंत चालायला म्हणूनच बनवलेले असतात. जगात सैबेरिया आहे, कॅनडा आहे, तिथंही हेच पार्ट जातात. उणे ८ ही त्या डब्याच्या दृष्टीनं थंडीच नाही. थंडीत मरतो तो ईसीएम नाही, त्याला मिळणारा करंट मरतो. बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, शून्य डिग्रीला चांगल्या बॅटरीची ताकद साधारण ८० टक्क्यांवर येते आणि उणे १८ ला निम्म्याच्या आसपास, आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झालेलं असल्यामुळं सेल्फला रोजच्यापेक्षा जास्त करंट लागतो. म्हणजे देणारा कमजोर आणि मागणारा जास्तीचा मागतोय. बरं, ऑइल म्हणाल तर आपल्याकडचं १५डब्ल्यू-४० उणे ८ ला घट्ट होतं पण एवढंही नाही की इंजिन फिरूच नये, १५डब्ल्यूची क्रँकिंगची टेस्टच उणे २० वर घेतात. मग सेल्फ मारताना व्होल्टेज कुठंपर्यंत पडतंय हा पहिला प्रश्न, बाकी सगळं नंतर.

आणि ते तेवीस कोड? व्होल्टेज पडलं की गाडीतले सगळे कम्प्युटर एकाच वेळी बंद पडत नाहीत. कोणी १८ वर मान टाकतं, कोणी १४ वर, कोणी त्याच्याही खाली तग धरतं. एक आधी झोपला की जे जागे आहेत ते लिहून ठेवतात की अमुक गैरहजर, मग पुढचा झोपतो, उरलेले त्याचीही गैरहजेरी मांडतात. शाळेच्या हजेरीपटासारखं आहे हे. सगळ्या शाळेत खाडे पडलेले दिसले म्हणून शाळा पडली असं कोणी म्हणत नाही, आधी विचारतात की बाबा त्या दिवशी पूर आला होता का. स्कॅनरवर कोड पडला तेव्हाचा डेटा पण बघता येतो, बऱ्याचशा स्कॅनरमधे असतो, त्यात त्या क्षणाचं बॅटरी व्होल्टेज लिहिलेलं असतं. मी त्या मिस्त्रीला फोनवर तेवढंच वाचायला सांगितलं. संपर्क तुटल्याचे जेवढे कोड होते त्या सगळ्यांपुढं व्होल्टेज १३ ते १५. चोवीसच्या गाडीत तेरा! तिथंच ईसीएमचा विषय माझ्यापुरता संपला.

मग व्हिडिओ कॉलवर मीटर. दोन्ही बॅटऱ्या मिळून २४.१. हा आकडा फसवा आहे, कारण चांगल्या भरलेल्या जोडीचा २५.२ ते २५.४ यायला पाहिजे, पण २४ व्होल्टच्या गाडीत २४ दिसले की लोक म्हणतात बॅटरी ओके. मी म्हटलं आता एकेक वेगळी मोज. प्लसकडची १२.६. मायनसकडची, म्हणजे जिची तार चेसिसला जाते ती, ११.५. बस. एक तगडी आणि एक मेलेली, दोघींची बेरीज केली की चेहरा चांगला दिसतो. वर्कशॉपमधे पण बहुतेक जण दोन टोकांना मीटर लावून मोकळे होतात, दोघींना जोडणारी मधली पट्टी खोलून प्रत्येकीचं वेगळं बघायला दोन मिनिटं लागतात पण बघत कोणी नाही, हे माझं कायमचं गाऱ्हाणं आहे.

तिकडचा मिस्त्री जंपर केबल घेऊन तयारच होता, शेजारच्या पंजाबच्या गाडीवरून जंप द्यायला. मी थांबवलं. बॅटरीतलं ॲसिड भरलेल्या स्थितीत उणे ५० च्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत ॲसिड कमी आणि पाणीच जास्त उरतं, पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ ते १० च्या दरम्यान गोठते, आणि गोठलेल्या बॅटरीला जंप दिला किंवा चार्जिंगला लावली तर ती फुटू शकते, ॲसिड तोंडावर. ११.५ म्हणजे उतरलेलीच. ड्रायव्हरला म्हटलं स्टार्टर-बिर्टर सोड, तोंड लांब ठेव, चष्मा असेल तर घाल, नाण्यानं बुचं उघड आणि टॉर्च मारून आत बघ.

"मामा, दोन खान्यात पातळ बर्फ आहे. गोळ्यावर घालतात तसा चुरा."

म्हणजे जंप नाही. ती बॅटरी काढून ठेवायची, तिथल्याच दुकानातून त्याच अँपिअरची दुसरी घ्यायची, जुनी का असेना, चार्ज केलेली असली म्हणजे झालं. एक जुनी एक नवी अशी जोडी लावू नये हे खरं, पण काझीगुंडला अडकलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान सांगण्यात काही हशील नाही. दुपारपर्यंत बॅटरी मिळाली, बसवली, आता सेल्फनं इंजिन झकास ओढलं, मीटर बंद झालं नाही, लोगो परत आला नाही. पण गाडी चालू नाही झाली.

इथं दुसरा बिघाड. पहिल्याच्या मागं लपून बसलेला.

कॉमन रेल इंजिनात नुसतं इंजिन फिरून भागत नाही, रेलमधे, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत, ठराविक प्रेशर तयार झाल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. स्कॅनरवर लाईव्ह डेटा लावला तर रेल प्रेशर वर चढतच नव्हतं. म्हणजे डिझेल येत नाही. ड्रायव्हरला विचारलं डिझेल कुठं भरलं, तर जाताना पंजाबात दोन्ही टाक्या फुल, परतीच्या सोयीनं. आपल्या देशात डिझेलचं जे मानक आहे त्यात हिवाळ्याच्या डिझेलला फिल्टर चोक होण्याची मर्यादा जास्तीत जास्त ६ डिग्री दिलेली आहे आणि उन्हाळ्याच्या डिझेलला १८. म्हणजे सपाटीवरचं डिझेल ६ डिग्रीच्या खाली वाहीलच याची हमी कोणी दिलेली नाही, उणे ८ तर सोडूनच द्या. डिझेलमधलं मेण आधी बारीक कणाकणानं वेगळं होतं, टाकीत बघितलं तर फक्त गढूळ दिसतं, वाहतं पण, मात्र फिल्टरच्या कागदावर ते थर धरतं आणि तिथंच सगळं अडतं. लडाखसाठी २०१९ मधे इंडियन ऑइलनं पानिपतला वेगळं हिवाळी डिझेल काढलं, उणे ३३ पर्यंत वाहणारं, पण ते काही जालंधरच्या पंपावर मिळत नाही.

फिल्टरचा खालचा वाडगा खोलला तर आत डिझेल नाही, दह्यासारखं काहीतरी पांढरट. नवीन फिल्टर लावला, त्याच्यावर आणि लायनीवर गरम पाण्यात भिजवलेली चिंधी गुंडाळली, तिथल्या पंपाचं थोडं डिझेल टाकीत घातलं, हातपंपानं हवा काढली आणि गाडी चालू झाली, पांढऱ्या धुराचे लोट सोडत. रॉकेल मिसळू का म्हणून ड्रायव्हरनं विचारलं होतं, जुने ड्रायव्हर करायचे तसं, मी नाही म्हटलं. बीएस सिक्सच्या हाय प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण असतं, रॉकेल घातलं की आज गाडी चालू होते आणि पंप आतून घासत राहतो.

पण त्या पठ्ठ्यानं मला फोन करायच्या आधीच आणखी एक काम करून ठेवलं होतं, जे मला गाडी वरुडात आल्यावर कळलं. दुसऱ्या रात्री त्यानं आणि क्लिनरनं टाकीच्या खाली शेकोटी पेटवली होती, लाकडं आणि फाटकं टायर. पूर्वीच्या गाड्यांना हे चालून जायचं कारण खाली लोखंडाशिवाय काही नव्हतंच. आता त्याच जागेवरून युरियाची नळी जाते, तिच्या हीटरची तार जाते, सेन्सरांची वायरिंग जाते, सगळं प्लास्टिकच्या पन्हाळीतून. ही पन्हाळी हातभर वितळून तारेवर चिकटली होती. बरं झालं टाकीनं पेट नाही घेतला.

गाडी रस्ता उघडल्यावर निघाली, सफरचंदाला काही झालं नाही, दिल्लीत माल खाली झाला आणि मग रिकामी वरुडला. चेक लाईट लागलेलीच.

वरुडात काय काय निघालं

आमच्याकडं त्या आठवड्यात पहाटे ९-१० डिग्री होतं. विदर्भातली थंडी म्हणजे अगदीच काही थट्टा नाही, नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ डिग्री झालं होतं, पण गाडीच्या हिशोबानं हे सगळं सौम्यच. तरी मी गाडी रात्रभर अंगणात उभी करून पहाटे तपासायला घेतली, कारण दुपारच्या २८ डिग्रीत हा बिघाड दिसणारच नाही.

इंजिन चालू करून, गाणी लावून, केबिनमधल्या सगळ्या एलईडी पट्ट्या चालू करून मोजलं. दोन्ही मिळून २८.२, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर एकदम बरोबर. वेगवेगळं मोजलं तर प्लसकडची १५.०, मायनसकडची १३.२, आणि ही मायनसकडची म्हणजे काझीगुंडला बसवलेलीच. म्हणजे तिचीही तीच गत चालू झालेली. कारण काय तर म्युझिक सिस्टिम, मोबाईल चार्जर, देवाच्या फोटोभोवतीच्या लाईटी, हे सगळं १२ व्होल्टचं, आणि त्याला करंट घेतलेला दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवरून. आपल्याकडं बऱ्याच गाड्यांना हेच केलेलं असतं, स्वस्त पडतं म्हणून. होतं काय की खालची, म्हणजे मायनसकडची, बॅटरी गाडीचंही देते आणि गाण्याचंही देते, अल्टरनेटरला मात्र फक्त बेरीज दिसते, तो २८ झाले की थांबतो. खालची कायम उपाशी, वरची कायम जास्तीचं खाते. उपाशी असलेलीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, जास्तीचं खाणारीचं पाणी उडतं आणि तिच्या वाफेनं आजूबाजूच्या तारांच्या टोकांचे लग हिरवे होतात.

आणि हे सगळं उन्हाळ्यात होऊन चुकलेलं असतं. लोकांचा समज असा की बॅटरीला थंडी मारते. बॅटरीला मारतो आपला एप्रिल-मे. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं ४६-४७ डिग्री, खाली डांबर तापलेलं, बाजूला बीएस सिक्सच्या सायलेन्सरची भट्टी, त्या डब्यात बॅटरी अक्षरशः शिजते. दर १० डिग्री वाढीला आयुष्य अर्धं, असा या धंद्यातला ढोबळ हिशोब. पण उन्हाळ्यात इंजिन पटकन फिरतं म्हणून मेलेली बॅटरीसुद्धा चालून जाते, आणि मग जानेवारीत एक दिवस बिल फाटतं, आणि नाव थंडीचं होतं. मालकाला विचारलं दिवाळीनंतर सकाळी सेल्फ मारताना गाणं बंद पडून परत पहिल्यापासून सुरू व्हायचं का, घड्याळ मागं जायचं का, तर ड्रायव्हरच म्हणाला, "होय ना, रोजच होत होतं. मले वाटलं प्लेअर खराब झाला." तेव्हाच आणली असती तर २४ चं १२ करणारा एक कन्व्हर्टर आणि बॅटरीची जोडी एवढ्यात भागलं असतं.

पुढचं निघालं ते अर्थिंग. मीटरचं एक टोक इंजिनच्या ब्लॉकवर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर, आणि सेल्फ मारायचा. अर्धा व्होल्टच्या आत यायला पाहिजे. आला २.३. इंजिनकडून चेसिसला जाणारी विणलेली पट्टी खोलली तर लगच्या खाली रंग. गाडीची बॉडी इथल्याच कारखान्यात बांधली होती, बॉडीवाल्यानं काम करताना पट्टी काढली, चेसिसला मस्त काळा रंग मारला आणि रंगावरच पट्टी परत आवळली. वरून बोल्टच्या पेचातून जेवढा करंट जाईल तेवढाच. त्यात ही गाडी संत्र्याचा सीझन नसला की धामणगावच्या रेक पॉइंटवरून खत ओढते, खताची भुकटी फटीफटीत बसते, पावसाळ्यात ओलावा धरते आणि तांबं खाते. पट्टीच्या अर्ध्या तारा हिरव्या होऊन हातात आल्या. घासून, नवी पट्टी टाकून, वरून ग्रीस लावून परत मोजलं तर ०.२. म्हणजे काझीगुंडला जे १३-१५ पर्यंत व्होल्टेज पडत होतं त्यातला बराच वाटा बॅटरीचा, आणि ईसीएमच्या वाट्याला जो काही उरत होता त्यातून आणखी दोन व्होल्ट ही पट्टी खात होती. बॉडी बांधताना वेल्डिंगच्या वेळी ईसीएमचे कपलर काढले होते का हे पण विचारलं, त्याचं उत्तर कोणी देत नाही कधी. कॅनच्या, म्हणजे गाडीतले कम्प्युटर ज्या लायनीवर एकमेकांशी बोलतात तिच्या, दोन तारांमधला रेझिस्टन्स मोजला, ६० ओहम, बरोबर, म्हणजे दोन्ही टोकांचे १२० चे रेझिस्टर शाबूत आणि ती लाईन कुठं तुटलेली नाही. ईसीएमला काहीही झालेलं नव्हतं.

सगळे कोड पुसले. गाडी गरम-थंड करून चालवली. तेवीसमधले एकवीस परत आले नाहीत, त्यातला रेल प्रेशरचा तर फिल्टरबरोबरच गेलेला. जे दोन आले ते मात्र खरे. एक हीटर ओपनचा, तो शेकोटीचा. आणि दुसरा युरियाच्या क्वालिटीचा, जो काझीगुंडच्या यादीतही होता पण एवढ्या गर्दीत त्याच्याकडं कोणी बघितलंच नव्हतं.

युरियाची भानगड

ड्रायव्हर बोलता बोलता म्हणाला की तिकडं युरियाची टाकी पण गोठली होती, झाकण उघडलं तर वर बर्फ. मला खटकलं. युरिया म्हणजे डीईएफ, त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, आणि हे प्रमाण उगाच ठरवलेलं नाही, याच प्रमाणाला ते सगळ्यात उशिरा गोठतं, उणे ११ ला. पाणी जास्त झालं तरी आधी गोठतं आणि युरिया जास्त झाला तरी आधीच. मग उणे ८ ला बर्फ कसा?

डीईएफ मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडं नाही. पण वरुडात रिफ्रॅक्टोमीटरला काय तोटा, संत्र्याचा गोडवा बघायला प्रत्येक व्यापाऱ्याच्या खिशात ब्रिक्सवाला, म्हणजे रसातल्या साखरेचे टक्के दाखवणारा, असतो, ० ते ३२ चा. गोदामातून एक आणला. काचेवर आधी सीलबंद कॅनमधल्या नव्या डीईएफचा थेंब टाकला, उजेडाकडं धरलं, निळी रेघ ३१ च्या आसपास, पार वरच्या टोकाला. काच पुसली, गाडीतल्या टाकीचा थेंब टाकला. रेघ १९-२० वर. हा आकडा साखरेच्या हिशोबाचा आहे, युरियाचा नाही, पण दोन थेंबांत एवढा फरक असल्यावर आणखी काय पुरावा पाहिजे. पातळ केलेला माल. २० टक्क्यांच्या आसपासचं मिश्रण उणे ७ च्या जवळपासच बर्फ धरायला लागतं, म्हणजे काझीगुंडचं गणित जुळलं. रस्त्यात कुठंतरी ड्रममधून सुटा घेतला होता, स्वस्तात. काही लोक शेतीचाच युरिया पाण्यात ढवळून घालतात, तो तर त्याहून वाईट, कारण २०१५ पासून सगळा युरिया निमकोटेड येतो, ते निमाचं तेल आणि बाकीची घाण जाऊन नोझल आणि सायलेन्सरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट बाद होतो, आणि सबसिडीचा युरिया गाडीत घालणं हा गुन्हा आहे तो वेगळाच.

डीईएफ गोठल्यानं इंजिन चालू व्हायचं अडत नाही हे पण सांगून ठेवतो, नाहीतर लोक टाकीवर गरम पाणी ओतत बसतात. चालू झाल्यावर गाडी आपली आपण वितळवते, इंजिनच्या कुलंटनं किंवा हीटरच्या तारेनं, जशी ज्या मॉडेलची सोय असेल तशी, सगळ्या मॉडेलांत दोन्ही असतंच असं नाही. अडचण होते ती गोठताना डीईएफ साधारण ७ टक्के फुगतं त्याची. म्हणून चाबी बंद केल्यावर पंप थोडा वेळ फिरत राहून नळ्यांमधलं डीईएफ टाकीत परत ओढून घेतो. तो बारीक घूं आवाज ऐकू येतो. आणि आपले ड्रायव्हर काय करतात, चाबी बंद आणि लगेच हात घालून बॅटरीचा कट-ऑफ बंद, बॅटरी वाचावी म्हणून. पंपाचा श्वास अर्ध्यातच तुटतो, नळीत डीईएफ तसंच राहतं, थंडीत गोठतं, आणि आपल्याकडच्या उन्हात वाळून पांढरे खडे होतात. या गाडीतही डीईएफ फवारणाऱ्या डोसिंगच्या नोझलला खडे होतेच. कोमट पाण्यात ठेवून निघाले. कट-ऑफ बंद करायच्या आधी दोन मिनिटं थांबायचं, तेवढ्यात ताडपत्रीच्या दोऱ्या बघून होतात.

टाकी पूर्ण रिकामी केली, धुतली, सीलबंद माल भरला. क्वालिटीचा कोड गेला.

हिशोब आणि उरलेलं

नवी बॅटरीची जोडी, दोन्ही एकाच बॅचच्या. काझीगुंडवाली मालकाच्या ट्रॅक्टरला गेली, तिथं ती वर्षभर तरी चालेल. मधल्या पट्टीवरची तार काढून टाकली आणि २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर बसवला, आता गाणी दोन्ही बॅटऱ्यांकडून सारखं घेतात. अर्थिंगच्या सगळ्या पट्ट्या. फिल्टर. सगळं मिळून ईसीएमच्या किमतीच्या जवळपासही गेलं नाही. मालकाला वाटलं तेवीस कोडचे तेवीस पार्ट लागतील, तो यादी घेऊनच बसला होता.

मालकाच्या बाकीच्या दोन गाड्या पण तपासल्या. एकीत दोन बॅटऱ्यांतला फरक ०.३ व्होल्टचा, म्हणजे ठीक. दुसरीत सव्वा व्होल्टचा. तिच्यातही गाण्याची तार मधल्या पट्टीवरच. तिला कन्व्हर्टर लावू म्हटलं तर मालक म्हणाला, "ते तर हैदराबादच्या लायनीवर चालते, तिथं कुठं बर्फ पडून राह्यला." त्याला मी मे महिन्याचं परत एकदा समजावून सांगितलं, पटलं की नाही माहीत नाही, कन्व्हर्टर मात्र आणून ठेवलाय.

नव्या कन्व्हर्टरवर गाणं लावलं की स्पीकरमधून इंजिनच्या रेसबरोबर चढणारी घरघर यायला लागली, ड्रायव्हर म्हणे याच्यापेक्षा जुनंच बरं होतं. ॲम्प्लिफायरची अर्थ केबिनच्या पत्र्याला दिलेली होती ती काढून कन्व्हर्टरच्याच मायनसला दिली, घरघर गेली. युरियाच्या नळीचा हीटर वेगळा मिळत नाही, नळीसकट घ्यावा लागतो, तो कंपनीकडं लिहून दिलाय. येईपर्यंत ती एक लाईट लागलेली राहणार आणि तोवर गाडी रायपूरच्या फेऱ्या मारतेय, तिथं त्या हीटरला काही काम नाही.